जुन्या घाटाची नवी सायकल

२००९ सालच्या जानेवारींत लंडन शहराच्या रस्त्यांवरून एक गमतीची मिरवणूक निघाली. तींतील स्त्रीपुरुष जाड लोंकरी कोट, गुडघ्यापर्यंतच्या विजारी व लांब मोजे अशा आपल्या आजोबांच्या काळच्या पोशाखांत असून जुन्या घाटाच्या सायकलींवर बसलेले होते. शर्यत लावण्याचा कोणाचाहि हेतु नव्हता. रमतगमत जावें, मध्यें चहा घ्यावा व परत फिरावें, एवढाच बेत. 'ट्वीड रन' नांवाची ही फेरी पुढेंहि निघत राहिली, आणि दुसऱ्या देशांतील शहरांनीं तिचें अनुकरण केलें.

हा केवळ सोंगांचा खेळ असता तर त्यासाठीं शाळेच्या वार्षिकाचीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच सुमारास इंग्लंडांत व इतर पाश्चात्य देशांत रोज कचेरीस आणि बाजारास जाणारे लोकहि ताठ बसून चालविण्याची, गडद रंगाची, साखळीवर झांकण व चाकांवर रुंद मडगार्ड असलेली सायकल हौसेनें विकत घेऊं लागले. या आवडींत शहाणपण किती आणि डौल किती, याचा विचार आमच्या वाचकांनीं अवश्य करावा. कारण हीच सायकल आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीला टेकून उभी आहे, आणि तिच्यावर बसून शाळेंत येण्याची आपल्या मुलांना लाज वाटूं लागली आहे.

प्रथम तिची कुळकथा थोडक्यांत सांगतों. पुढचें चाक पुरुषभर उंच आणि मागचें अगदीं चिमुकलें अशी जी सायकल चित्रांत दिसते, तिच्यावरून पडणें म्हणजे तोंडावर आपटणें होतें. कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें १८८५ सालीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं ठेवून पायांची शक्ति साखळीच्या द्वारें मागील चाकास दिली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें गुरांच्या डॉक्टरीचा धंदा करणाऱ्या जॉन बॉइड डनलप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेला टायर तयार केला. येथें सायकलीचा पिंड ठरला. पुढील कांहीं वर्षांत नॉटिंगहॅमच्या रॅलेसारख्या कारखान्यांनीं तिला जें रूप दिलें, तेंच आज 'जुन्या घाटाचें' म्हणून ओळखलें जातें.

या रूपांतील एकहि भाग शोभेसाठीं लावलेला नव्हता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. इंग्लंडांतला कारकून अगर गिरणींतला कामगार ज्या कपड्यांत दिवसभर काम करावयाचें त्याच कपड्यांत, पावसांतून व चिखलांतून सायकलीवर जात असे. म्हणून मडगार्ड रुंद, आणि साखळी पूर्ण पेटींत बंद. सनबीम कारखान्याच्या सायकलींत तर या पेटींतच तेल ठेवून साखळी सतत तेलांत न्हात राहील अशी योजना होती. स्त्रियांच्या सायकलीस मधला दांडा खालीं वळविलेला, आणि झगा चाकांत अडकूं नये म्हणून मागील चाकावर दोन्ही बाजूंनीं दोऱ्यांची जाळी असे.

सांगाड्याच्या नळ्या अधिक कललेल्या असतात. शर्यतीच्या सायकलीची सीटखालची नळी जमिनीशीं सुमारें ७३ अंशांचा कोन करते, तर या सायकलीची सुमारें ६७ अंशांचा. त्यामुळें दोन चाकांमधील अंतर वाढतें, पुढचा चिमटा थोडा लवतो आणि खड्ड्यांचे हिसके मनगटांपर्यंत पोंचतांना बोथट होतात. हँडल उंच व आपल्याकडे वळलेलें असल्यामुळें पाठ सरळ राहते आणि मान उंचावण्याचे कष्ट न पडतां चहूंकडे दृष्टि टाकतां येते. रहदारींत या गोष्टीची किंमत वेगाहून अधिक आहे. उलट, ताठ बसल्यामुळें समोरचा वारा छातीवर येतो आणि लांबच्या प्रवासांत माणूस लवकर थकतो, हेंहि सांगितलें पाहिजे.

सर्वांत कौतुकाची वस्तु मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. ती मागील चाकाच्या तुंब्यांत, ज्याला कारागीर हब म्हणतात त्यांत, दडलेली असते. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरांचा जो हब १९३६ सालीं निघाला, त्याची रचना विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावी. आंसावर एक लहान दंतचक्र पक्कें बसविलेलें असतें. तें फिरत नाहीं. त्याच्याभोंवतीं, सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे त्याप्रमाणें, चार चिमुकलीं दंतचक्रें एका चौकटींत फिरतात, आणि या सर्वांस वेढून आंतल्या बाजूस दांते असलेलें एक कडें असतें. साखळीनें कडें फिरवावें आणि ग्रहांच्या चौकटीनें चाक फिरवावें, म्हणजे साखळीच्या मागील चक्राचे चार फेरे होतात तेव्हां चाकाचे तीन होतात. चढावर हें सोयीचें. नेमकें उलट केलें, म्हणजे साखळीनें चौकट व कड्यानें चाक फिरविलें, तर तीन फेऱ्यांत चाकाचे चार फेरे होतात. हें उतारासाठीं व मोकळ्या रस्त्यासाठीं. मधल्या गियरांत चक्र व चाक एकजीव होऊन बरोबरीनें फिरतात. ही सारी यंत्रणा तेलासह बंद डबींत असल्यामुळें तिला धूळ अगर पाऊस लागत नाहीं. शिवाय चौकांत तांबड्या दिव्यापाशीं उभें राहूनहि गियर बदलतां येतो. ज्या सायकलींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते, तींत पायडल फिरविल्यावांचून हें साधत नाहीं.

असें असतांना ती मागें कां पडली? मोटारगाडी आली, हें मुख्य कारण. ब्रिटनमध्यें १९४९ सालीं लोकांनीं सायकलींवरून एकंदर सुमारें २३६० कोटि किलोमीटर प्रवास केला. १९७३ सालीं तो आंकडा सुमारें ३७० कोटींवर आला. कामावर जाण्याचें वाहन नाहींसें होऊन खेळाचें साधन तेवढें उरलें. खेळास हलकेपणा हवा. म्हणून मडगार्ड गेलें, साखळीची पेटी गेली, हँडल खालीं उतरलें. पुढें डोंगरांत चालविण्याच्या जाड टायरांच्या सायकली आल्या आणि ज्यांनीं जन्मांत डोंगर चढला नाहीं तेहि त्या घेऊं लागले. रॅलेचा नॉटिंगहॅम येथील कारखाना २००२ सालीं बंद झाला. स्टर्मी-आर्चरचा धंदा त्यापूर्वींच, २००० सालीं, तैवानमधील एका कंपनीकडे गेला होता. हॉलंडांत मात्र ही सायकल कधींच गेली नाहीं. तेथें तिला 'आजीची सायकल' म्हणतात आणि विद्यापीठांतील तरुण ती नित्य वापरतात.

इंग्लंडांत तिला पुनः दिवस आले ते या शतकाच्या आरंभीं. २००३ सालच्या फेब्रुवारीपासून लंडनच्या मध्यभागांत मोटार नेण्यावर कर बसला; रहदारीला लोक विटले होतेच. पण दोन कोस जाण्यासाठीं खास कपडे घालावे, मग कचेरींत ते बदलावे, हा खटाटोप नको असणाऱ्यांना मडगार्डाची व साखळीच्या पेटीची आठवण झाली. १९२६ सालीं स्थापन झालेला पॅश्ली कारखाना या काळांत पुढें आला. टपालवाल्यांच्या सायकली बनविणाऱ्या या कारखान्यानें ताठ बसण्याच्या सायकली चालू ठेविल्याच होत्या. त्यांच्या जोडीला आपल्या १९३० नंतरच्या दशकांतील एका सायकलीवरून 'गव्हनर' नांवाची नवी सायकल काढली. तिच्यावर ब्रुक्सची चामड्याची सीट असते. बर्मिंगहॅमच्या या ब्रुक्सनें १८८२ सालीं सायकलीच्या सीटीचें पेटंट घेतलें होतें. जाड कातडें तांब्याच्या रिव्हेटांनीं पोलादी चौकटीवर ताणून बसविलेलें असतें आणि तें हळूहळू बसणाऱ्याच्या अंगास बेतलें जातें. पहिले कांहीं महिने ती सीट बसणाऱ्याची परीक्षा घेते.

आतां डौलाचा भाग. फॅशन आली कीं तिच्यामागून नकलाहि येतात. तपकिरी रंगाची कृत्रिम चामड्याची सीट, वळणदार हँडल व पुढें वेताची टोपली लावली कीं सायकल जुन्या घाटाची झाली असें कांहीं दुकानदार समजतात. मडगार्ड मात्र चार बोटें रुंद देखील नसतें आणि साखळी उघडीच असते. अशा सायकलीस अधिक पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. पालकांना एक सूचना विशेष करावीशी वाटते ती ब्रेकाविषयीं. जुन्या सायकलीचे ब्रेक तारेचे नसून लोखंडी सळ्यांचे असत; मूठ दाबली कीं सळई वर ओढली जाऊन रबराचे ठोकळे पोलादी रिमला आंतून टेकत. कोरड्या दिवसांत हें ठीक. पावसांत रिम ओली झाली कीं रबर घसरतें, आणि ऐन जुलै महिन्यांत मुलगा उतारावर असतां आपल्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. म्हणून पॅश्लीच्या ताठ बसण्याच्या नव्या सायकलींत तुंब्याच्या आंत झांकलेले ब्रेक बसविलेले आढळतात. जुन्याचें कौतुक करतांना जें वाईट होतें तें टाकण्याचें धैर्य ज्यांनीं दाखविलें, त्यांची सायकल घेण्याजोगी.

आपल्याकडील गोष्ट निराळी. आसनसोलची सेन-रॅले, १९५१ सालची सोनीपतची अॅटलस, १९५६ सालची लुधियानाची हीरो, या कारखान्यांनीं विलायती घाटाच्याच काळ्या सायकली देशांत बनविल्या. २८ इंची चाकें, सळ्यांचे ब्रेक, मागें भक्कम कॅरिअर. गियर बहुधा गाळला, कारण दुधाचे कॅन अगर पोस्टाची थैली वाहणाऱ्याला दुरुस्तीची कटकट नको होती. लहान मुलें याच सायकलीच्या त्रिकोणांतून पाय घालून शिकलीं. पुणें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. तेथें कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयांत जुन्या सायकली आज पाहावयास मिळतात. परंतु अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजीं बंद पडला. तो दिवस संयुक्त राष्ट्रांनीं ठरविलेला जागतिक सायकल दिन होता. जी वस्तु लंडनांतील सद्गृहस्थ हौसेनें घेतो, ती येथें गरिबीची खूण ठरून अडगळींत पडते, याचें मला राहून राहून नवल वाटतें.

ज्यांच्या घरीं आजोबांची विलायती, तीन गियरांची सायकल असेल, त्यांनीं रॉकेलाच्या चिंधीनें मागील तुंबा पुसून पाहावा. कंपनीच्या नांवाजवळ 'ए डब्ल्यू' हीं इंग्रजी अक्षरें व त्यांच्या शेजारीं बहुधा बारीक आंकडे ठोकलेले सांपडतात. उदाहरणार्थ, ५४ व ७ असे आंकडे असल्यास तो तुंबा १९५४ सालच्या जुलैंत तयार झाला असें समजावें. तुंब्यावर तेल घालण्याचें लहानसें टोपण असतें. तें उघडून पातळ तेलाचे थोडे थेंब सोडावे आणि चाक हातानें फिरवून आंतला टिकटिक आवाज ऐकावा.