रेडिओ व्यत्यय व त्याचे निवारण

इष्ट रेडिओ संदेशाच्या ग्रहणात किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या कार्यात अनिष्ट विद्युत् चुंबकीय ऊर्जेमुळे येणाऱ्या अडथळ्यास रेडिओ व्यत्यय म्हणतात. व्यत्ययाला उद्‌गम, ऊर्जा वाहून नेणारा मार्ग व बाधित उपकरण ही तीन अंगे असतात. यांपैकी कोणतेही एक तोडल्यास व्यत्यय थांबतो. तथापि उद्‌गमापाशी केलेला उपाय साऱ्या परिसरास उपकारक ठरत असल्याने तोच श्रेयस्कर होय. या विषयीची मानके ठरविणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये स्थापन झाली.

उद्‌गम : विद्युत् प्रवाह एकाएकी तुटला अथवा सुरू झाला म्हणजे अनेक कंप्रतांचे प्रारण निर्माण होते. पुणे–दौंड लोहमार्गावरील खुटबाव (ता. दौंड) यासारख्या बागायती गावी असे उद्‌गम घरात, शेतात व रस्त्यावर आढळतात. अशा गावांतून पुणे आकाशवाणी केंद्राचे (स्थापना १९५३) ७९२ किलोहर्ट्‌झवरील कार्यक्रम दीर्घकाळ ऐकले गेले आहेत. पाण्याच्या पंपाचे त्रिकला प्रवर्तन चलित्र स्वतः फारसा व्यत्यय आणीत नाही, कारण त्यात कार्बनचे ब्रश नसतात. दोष बहुधा स्टार्टरच्या झिजलेल्या स्पर्शकांचा, सैल जोडाचा वा तडकलेल्या निरोधकाचा असतो. मिक्सरमधील ब्रशांपाशी मात्र सतत ठिणग्या पडतात. एलईडी दिव्यांच्या व मोबाइल चार्जरच्या पुरवठा मंडलांत प्रवाह सेकंदास हजारो वेळा खंडित होतो आणि त्याचे गुणित तरंग मध्यम तरंगपट्ट्यात पोहोचतात.

निदान : विजेरीवर चालणारा ट्रँझिस्टर रेडिओ यासाठी पुरेसा असतो. रेडिओ चालू ठेवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर थांबल्यास उद्‌गम घरातच आहे असे समजून एकेक उपकरण पुन्हा सुरू करून तो शोधावा. खरखर कायम राहिल्यास उद्‌गम बाहेरचा असतो. रेडिओतील फेराइट दांड्याचा आकाशक दिशासंवेदी असल्याने रेडिओ फिरविला असता आवाज एका स्थितीत किमान होतो. त्या वेळी उद्‌गम दांड्याच्या अक्षाच्या रोखाने असतो. वीजवाहिनीवरील दोष स्वतः न हाताळता वीज कंपनीस कळवावा.

घरगुती उपाय : सैल जोड घट्ट करणे व झिजलेले ब्रश बदलणे हा पहिला उपाय होय. पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये धारित्र आणि मार्गात प्रवर्तक वेटोळे बसविल्यास छानक तयार होतो. धारित्र मुख्य पुरवठ्यासाठी प्रमाणित केलेलेच असावे. फेराइट कड्यातून तारेचे काही वेढे घेतल्याने तारेतून वाहणारे उच्च कंप्रता प्रवाह क्षीण होतात. धातूच्या पेटीचे परिरक्षण व योग्य भूयोजन यांमुळे प्रारण आवरले जाते. सुरक्षिततेसाठी असलेली भूतार कधीही काढू नये.

वाहने : पेट्रोल एंजिनाच्या ठिणगी गुडीमुळे येणारा टकटकाट एंजिनाच्या गतीबरोबर वाढतो. रोधकयुक्त गुडी (रोध सुमारे ५,००० ओहम) व रोधकयुक्त उच्च दाब तारा वापरून तो कमी करतात. डीझेल ट्रॅक्टरमध्ये ठिणगी प्रज्वलन नसते; तेथे गतीनुसार बदलणारा शिटीसारखा आवाज प्रत्यावर्तित्राचा असतो आणि रेडिओच्या पुरवठा तारेतील छानकाने तो जातो. द्वितीय पिढीच्या मोबाइलचे प्रेषण सेकंदास सुमारे २१७ स्पंदांनी होत असल्याने जवळच्या ध्वनिवर्धकातून गुणगुण ऐकू येते. मोबाइल दूर ठेवणे हाच सोपा उपाय होय. वाहनात प्रेषक बसविताना त्याचा पुरवठा थेट विद्युत् घटमालेतून घ्यावा व आकाशकाची तार एंजिन नियंत्रणाच्या तारांपासून दूर न्यावी.

व्यापक महत्त्व : घरातील खरखर केवळ श्रवणाचा रसभंग करते, पण अतिक्षीण संदेश टिपणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत सारे निरीक्षणच वाया जाऊ शकते. पुणे जिल्ह्यातच खोडद (ता. जुन्नर) येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांकडे दूरस्थ दीर्घिकांमधून येणारे तरंग इतके क्षीण असतात की, वीजवाहिनीवरील ठिणग्यांनी ते झाकले जातात. त्यामुळे तेथे उपकरणांचे परिरक्षण करावे लागते व संगणकाद्वारे व्यत्यय वेगळा काढावा लागतो. तथापि उद्‌गमापाशी रोखलेला व्यत्यय नंतर गाळावा लागत नाही. म्हणून वीजवाहिन्यांची व उपकरणांची निगा हाच या सर्व उपायांचा पाया ठरतो.