एकट्या माणसाचे घरही घरच असते

शहरात एकट्याने राहणारी माणसे आता प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत आहेत. कोणी लग्न केले नाही, कोणाचे जमले नाही, कोणी विधवा, कोणी घटस्फोटित. २०११ च्या जनगणनेनुसार देशात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व अविवाहित प्रौढ स्त्रिया मिळून ७ कोटींच्या वर होत्या. तरीही एकटे माणूस दिसले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "लग्न कधी?" आणि दुसरा, "मग घरी येते-जाते कोण?"

घर शोधतानाच छळ सुरू होतो. एकटा पुरुष नको, एकटी बाई तर नकोच. त्यात आडनाव सांगितले की खोली "कालच गेली" असे उत्तर मिळते. १९१७ साली बडोद्यात एकट्या राहणाऱ्या डॉ. बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले, हे आपण सारे जाणतो. आज लाठ्या दिसत नाहीत, नकार मात्र गोड बोलून दिला जातो. म्हणून आमचे सांगणे असे, की खोली मिळाली तर तोंडी व्यवहारावर राहू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेची पावती जपून ठेवा.

दुसरा प्रश्न मालमत्तेचा. आमच्या ओळखीच्या एक परिचारिका ऐन पंचविशीत विधवा झाल्या. मूलबाळ नाही. सासरने विचारले नाही, आईने आधार दिला. रात्रपाळ्या करून, कर्ज फेडून त्यांनी एक खोलीचे घर घेतले. "माझ्यामागे घर आईलाच मिळेल ना?" असे त्यांनी आम्हांला विचारले. उत्तर ऐकून त्या सुन्न झाल्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १५ नुसार विधवा स्त्री मृत्युपत्र न करता वारली व तिला मूल नसेल, तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो, आईवडिलांचा नंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात, सासरने हाकलून दिलेल्या विधवेची स्वतःची मिळकत सासरच्याच वारसांना दिली. अविवाहित स्त्रीची मिळकत आईवडिलांकडे जाते, हा फरकही लक्षात ठेवावा.

यावर उपाय सोपा आहे. साध्या कागदावर मृत्युपत्र करता येते, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी व त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्यांना काही द्यायचे आहे, त्यांना शक्यतो साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत नॉमिनीचे नाव दिले म्हणजे काम झाले, असे समजू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण त्यामुळे तो मालक होत नाही. त्या परिचारिकांनी आठ दिवसांत मृत्युपत्र केले. आईला दाखवले, तेव्हा आई म्हणाली, "मला घर नको, पण तू रात्री झोप आता."

तिसरी गोष्ट आजारपणाची. एकट्यापुरता स्वयंपाक कशाला, म्हणून चहा-पावावर रात्र काढणारे पुष्कळ पुरुष आम्ही पाहतो. बाबांनो, वरण-भात शिकून घ्या! विश्वासू शेजाऱ्याकडे एक किल्ली ठेवा. दाराच्या आतल्या बाजूस रक्तगट, चालू औषधे व जवळच्या दोघांचे फोन क्रमांक लिहून लावा. संकटात ११२ हा क्रमांक लक्षात असू द्या.

आणि थोडे शेजाऱ्यांना. एकट्या बाईच्या दाराशी कोण आले, याची नोंद ठेवण्यापेक्षा दोन दिवस तिचे दार का उघडले नाही, याची चौकशी करावी. सणासमारंभाला निमंत्रण कुटुंबांना जाते आणि एकटे माणूस यादीतून गळते. पुढच्या कार्यक्रमाची यादी करताना ही नावे आधी लिहावीत, आणि ती मंडळी आली की लग्नाचा विषय न काढता पंगतीत आपल्या शेजारी बसवावे.