भांगेची झोप : दख्खनमधील एका उपायाचा मागोवा

दख्खनमध्ये झोपेसाठी भांग घेतली जात असे, याचा छापील पुरावा साडेचारशे वर्षांहून जुना आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले आणि भारतीय औषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघाला; दौलताबादचा किल्ला आणि आज छत्रपती संभाजीनगर जेथे वसले आहे तो मुलूख त्या काळी याच निजामशाहीत मोडत होता. पूर्वीचे मोठे सेनानी जागरणांनी त्रासून जात, तेव्हा चिंता विसरून डोळा लागावा म्हणून ते भांग मद्याबरोबर किंवा अफूबरोबर घेत, असे ओर्ताने नोंदवले आहे.

हा पुरावा वाचताना मात्र एक सावधगिरी हवी, कारण ओर्ताने दिलेल्या कृतीत भांगेच्या कुटलेल्या पाल्याबरोबर जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर, साखर आणि प्रसंगी अफूही येते. अफू तर उघडच गुंगी आणणारी. आणि जायफळाविषयी सांगायचे तर झोप न येणाऱ्याला ते दुधात उगाळून देण्याची रीत मराठी घरांत आजही टिकून आहे. तेव्हा त्या सेनानींना आलेल्या झोपेतला भांगेचा वाटा नेमका किती, हे या नोंदीवरून ठरवता येत नाही. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदिक ग्रंथातील जातीफलादि चूर्णाची गोष्टही अशीच आहे : त्यात जायफळ, तगर आदी द्रव्ये समभाग घेऊन त्या सर्वांच्या बेरजेइतकी भांग घालण्यास सांगितले आहे, पण हा योग मुख्यतः ग्रहणीसाठी, म्हणजे आतड्यांच्या जुनाट विकारासाठी आहे. याच संहितेत भांग ‘व्यवायी’ म्हटली आहे. पचन होण्याआधीच सर्व शरीरभर पसरते ते द्रव्य व्यवायी. झोपेच्या औषधाचे प्राचीन प्रमाणपत्र म्हणून आज ज्या ग्रंथांकडे बोट दाखवले जाते, ते ग्रंथ स्वतः इतका सरळ दावा करत नाहीत.

सुभेदार असताना खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, औरंगाबाद हे स्वतःचे नाव देणाऱ्या औरंगजेबाने गादीवर आल्यानंतर १६५९ मध्ये भांगेच्या लागवडीला मनाई केली आणि लोकांच्या आचरणावर नजर ठेवण्यासाठी मुहतसिब हे अधिकारी नेमले. तरीही वापर थांबला नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर ११९३ साक्षी घेतल्या, तेव्हा औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. माफक सेवनाने सहसा हानी होत नाही, असा निष्कर्ष या कमिशनने काढला. त्याआधी १८९० मध्ये रसेल रेनॉल्ड्स या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या निद्रानाशावर भांगेच्या अर्काची शिफारस केली होती. अर्काची तीव्रता बाटलीगणिक बदलते, ही त्या काळची मोठी अडचण होती आणि पुढे हे औषध मागे पडण्याचे ते एक कारण ठरले.

या वनस्पतीतील मुख्य मादक द्रव्य टीएचसी १९६४ मध्ये वेगळे काढण्यात आले, तेव्हापासून चित्र अधिक स्पष्ट होत गेले आहे. टीएचसी अल्प मात्रेत आणि थोड्या दिवसांसाठी घेतल्यास झोप लवकर लागू शकते, परंतु ज्या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळे झपाट्याने हलतात आणि बहुतेक स्वप्ने पडतात, तो ‘रेम’ टप्पा त्याने कमी होतो. नियमित घेणाऱ्याचे शरीर सरावते, मात्रा वाढवावी लागते, आणि सेवन थांबवताच निद्रानाश व विचित्र, ठसठशीत स्वप्ने उसळून येतात. हा त्रास काहींना महिनाभरही पुरतो. तो टाळण्यासाठी माणूस पुन्हा भांगेकडे वळतो आणि भांगेशिवाय आपल्याला झोपच येत नाही, अशी त्याची खात्री होऊन बसते. या उपायाचा खरा धोका या चक्रात आहे, कारण मूळ निद्रानाश कोणता आणि भांग सोडल्याने आलेला कोणता, हे त्यालाही ओळखता येत नाही. झोपेत श्वास अडण्याच्या विकारावर भांगेचा वापर करू नये, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्ये जाहीर केले आहे.

कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात गांजा आणि चरस येतात, पण शेंड्यांशिवायचा पाला आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. महाराष्ट्रात मात्र भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत असल्याने तिला परवाना लागतो. ‘विजया’ या नावाने विकली जाणारी पाल्याची आयुर्वेदिक औषधे औषध नियमांच्या ‘इ-१’ यादीत मोडतात आणि ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ऑनलाइन खरेदीच्या घाईत ही बारीक अक्षरातली ओळ कितीजण वाचत असतील, हा प्रश्नच आहे.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये शिफारस केली ती गोळीची नव्हे, तर झोपेच्या वेळा आणि झोपेविषयीचे विचार यांना वळण लावणाऱ्या बोधात्मक वर्तन-उपचाराची. ज्यांची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, त्यांनी भांगेचा प्रयोग स्वतःवर करण्याआधी छत्रपती संभाजीनगरातील घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवावे, किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला घ्यावा.