चावणारा गिनीपिग आणि घरातली मुलं



मुलांच्या हट्टापायी हल्ली काही घरांत गिनीपिग येतो. दिसायला गोंडस, भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो मुलाच्या बोटाला चावतो. रडारड होते आणि "चावरा आहे हा, हात लावू नकोस" असा निकाल लागतो. त्यानंतर तो पिंजऱ्यातच राहतो आणि हळूहळू कुणी त्याच्याकडे बघतही नाही. याहून वाईट म्हणजे कधी कधी चावल्याबरोबर मूल हात झटकतं आणि गिनीपिग खाली पडतो. याचं अंग जड, पाय आखूड, हाडं नाजूक. टेबलाच्या उंचीवरून फरशीवर पडला तरी पाय किंवा पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागातला. (पेरू देशात त्याला 'कुय' म्हणतात. त्याचा 'कुई कुई' आवाज ऐकला की हे नाव कसं पडलं असेल ते मुलं लगेच ओळखतात.) तो शिकार करणारा प्राणी नाही, ज्याची शिकार होते असा प्राणी आहे. अशा प्राण्याचा पहिला उपाय पळणं, दुसरा लपणं, तिसरा दगडासारखं गप्प बसून राहणं. चावणं सगळ्यात शेवटी येतं. आपण त्याला पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गाठतो, वरून हात घालतो, म्हणजे पहिले तिन्ही रस्ते बंद करून टाकतो. वरून येणारा हात त्याच्या दृष्टीने घारीचा पंजाच असतो.

आता डोळ्यांबद्दल. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला आजूबाजूचं आणि वरचं पुष्कळ दिसतं, पण अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही. तिथे आलेली वस्तू तो हुंगतो आणि दातांनी चाचपून बघतो. मुलं नेमकं काय करतात? पिंजऱ्याच्या गजांतून बोट आत घालतात! त्यातून नुकतीच काकडी खाल्लेली असली तर बोटाला वासही काकडीचाच. त्याने दात लावले यात त्याची काय चूक? म्हणून आमच्या मुलांना माझा नियम एकच असतो: आधी साबणाने हात धुवा, आणि गजांतून बोट नाही म्हणजे नाही. प्राण्याला हाताळून झाल्यावरही हात धुवायचेच.

चावण्याआधी तो काय सांगतो?

दात लावण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. हलकेच कुरतडल्यासारखं केलं तर बहुतेक वेळा "आता खाली ठेव" एवढंच म्हणणं असतं. मांडीवर बराच वेळ बसलेला गिनीपिग चुळबूळ करू लागतो, मागे सरकतो, कपडा ओढतो. पुष्कळदा त्याला लघवीला लागलेलं असतं. हात फिरवताना तो डोकं झटक्याने वर उडवतो, म्हणजे तिथे हात नको आहे. दात कटकट वाजवले तर तो चिडला आहे, तेव्हा हात लांबच ठेवायचा. अंग ताठ करून डोळे मोठे करून बसला तर तो शांत नाही, घाबरलेला आहे. इथे मोठी माणसंही फसतात, "किती गुणी बसलाय बघ" म्हणतात.

या खुणा दिसल्या की चावण्याच्या आधीच त्याला खाली ठेवावं. दर वेळी चावल्यावरच सोडलं, तर चावलं की सुटका होते हे तो पक्कं शिकतो. चावलाच तर ओरडू नये, नाकावर टिचकी मारू नये, तोंडावर फुंकर घालू नये. असे उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात, पण त्याने भीती वाढते आणि पुढचा चावा आणखी जोरात बसतो.

उचलायचं कसं?

नवीन आणल्यावर चार-पाच दिवस उचलूच नका. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोला, कोथिंबिरीची काडी हातातून द्या. तो स्वतःहून जवळ यायला लागला की हनुवटीखाली आणि गालाच्या बाजूला हळूच बोट फिरवा.

उचलताना पिंजराभर पाठलाग नको. त्याच्या लपायच्या खोक्यात त्याला शिरू द्या आणि खोक्यासकट बाहेर काढा. नंतर बाजूने एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे. दुसरा हात मागच्या अंगाखाली. मागचं अंग लोंबकळायला नको, कारण आधार सुटला की तो घाबरतो आणि चावतो. लगेच छातीशी धरा. मानगुटीला धरून कधीही उचलू नका.

लहान मुलांनी स्वतः उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाने जमिनीवर मांडी घालून बसावं, मांडीवर जाडसर टॉवेल पसरावा आणि मोठ्या माणसाने गिनीपिग आणून ठेवावा. सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. परत ठेवताना मागचं अंग आधी आत जाऊ द्या. पिंजरा समोर दिसला की तो हातातून उडी मारतो, म्हणून ही युक्ती.

एकाएकी चावायला लागला तर

इतके दिवस शांत असलेला गिनीपिग अचानक चावायला लागला, तर वळण लावायच्या मागे लागण्याआधी दुखणं शोधा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात. वाळलेलं गवत भरपूर चघळलं तरच ते झिजतात, नाहीतर वाढून तोंडाला जखमा होतात. कातडीत बारीक किडे झाले तर नुसता स्पर्शही सहन होत नाही.

तिसरं कारण क जीवनसत्त्वाची कमतरता. माणसाप्रमाणेच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते कमी पडलं की सांधे दुखतात आणि उचलताना तो कळवळून चावतो. 1907 मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना गिनीपिगमध्येच स्कर्व्ही रोग दिसला आणि त्यातून या जीवनसत्त्वाच्या शोधाला दिशा मिळाली. वर्गात आहाराचा पाठ घेताना ही गोष्ट जरूर सांगा. घरी मात्र रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर द्या. लाळ गळत असेल, केस झडत असतील किंवा एक दिवस जरी त्याने खाणं सोडलं, तरी वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवा.

मुलाला चावून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते तेच ठरवतील. हळद, चुना भरू नका.

आणि घाबरलेल्या मुलाला "काही होत नाही, घे हातात" म्हणून पुढे ढकलू नका. पिंजऱ्यापासून हातभर लांब बसवून कोथिंबिरीची लांब काडी त्याच्या हातात द्या. दुसऱ्या टोकाला गिनीपिग खात असतो, या टोकाला मूल बघत असतं. काडी हळूहळू आखूड कधी करायची ते मुलालाच ठरवू द्या. काही मुलांना महिनाभर लांब काडीच लागते.