बेटांचा राजा की फितूर? जॉन मॅकडोनाल्डची गोष्ट

एखादा माणूस फितूर होता की नव्हता, हे कुणाच्या कागदावरून ठरवायचं? मध्ययुगीन स्कॉटलंडचा अभ्यास करताना हा प्रश्न मला वारंवार भेटतो. आज तो एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेऊ.

जॉन मॅकडोनाल्ड हा क्लॅन डोनाल्डचा प्रमुख. क्लॅन म्हणजे एका मूळपुरुषाचं नाव सांगणारं कूळ आणि त्याच्या आश्रयाने राहणारी माणसं. १४४९ मध्ये वडील अलेक्झांडर वारले तेव्हा जॉन पंधराएक वर्षांचा होता. त्याच्याकडे दोन पदं आली. एक, रॉसचा अर्ल. ही उत्तरेतली मोठी जहागीर स्कॉटलंडच्या राजाच्या अधीन होती. दुसरं, 'लॉर्ड ऑफ द आयल्स', म्हणजे पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांचा आणि लगतच्या किनारपट्टीचा धनी.

आता इथे जरा थांबा. लॅटिन कागदपत्रांत या दुसऱ्या पदाला 'दोमिनुस' म्हणतात, म्हणजे स्वामी. पण बेटांवरची भाषा गेलिक, आणि गेलिक परंपरेत याच घराण्याच्या प्रमुखाला 'री' म्हणत. 'री' म्हणजे सरळ राजा! आयला बेटावरच्या फिनलॅगन तळ्यात दोन छोटी बेटं आहेत. एकावर या घराण्याचा वाडा होता, दुसऱ्यावर सल्लागारांची बैठक भरायची. म्हणजे एकच माणूस एका भाषेत सरदार आणि दुसऱ्या भाषेत राजा.

१४६० मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स स्वतःचीच तोफ फुटून मेला. गादीवर आला तिसरा जेम्स, वय आठ-नऊ वर्षं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये चौथ्या एडवर्डने गादी घेतली आणि पदच्युत सहावा हेन्री स्कॉटलंडच्या आश्रयाला गेला. साहजिकच एडवर्डला स्कॉटलंडमध्ये गडबड हवी होती. जॉनने आर्डटॉर्निशच्या किल्ल्यातून आपले वकील पाठवले आणि १३ फेब्रुवारी १४६२ ला करार झाला. जॉनने एडवर्डचं स्वामित्व मान्य करायचं, बदल्यात शांततेत वर्षाला १०० मार्क, युद्धात २०० पौंड. स्कॉटलंड जिंकलं, तर फोर्थच्या उत्तरेचा मुलूख जॉन, त्याचा नातेवाईक डोनाल्ड बॅलॉक आणि हद्दपार झालेला डग्लसचा अर्ल यांनी वाटून घ्यायचा.

तुम्ही म्हणाल, ही तर उघड फितुरी! रॉसचा अर्ल म्हणून पाहिलं तर होय, कारण त्या नात्याने तो स्कॉटिश राजाचा अंकित होता. पण बेटांचा 'री' म्हणून पाहिलं, तर एका सत्ताधीशाने शेजारच्या राजाशी तह केला, इतकंच. दोन्ही उत्तरांना आधार आहे.

निकाल मात्र एकाच बाजूने लागला. १४७४ मध्ये एडवर्ड आणि तिसरा जेम्स यांचं जमलं. एडवर्डला आता जॉनची गरज उरली नाही. १४७५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने जॉनला राजद्रोही ठरवलं. १४७६ मध्ये तो शरण गेला. रॉस, किंटायर आणि नॅपडेल गेले, 'लॉर्ड ऑफ द आयल्स' हे पद उरलं, पण आता राजाने दिलेलं म्हणून.

ही माघार त्याच्या मुलाला, अँगस ओगला, सहन झाली नाही. बाप-लेकाचं भांडण मल बेटाजवळच्या समुद्री लढाईपर्यंत गेलं. त्या जागेला आजही 'ब्लडी बे' म्हणतात. लढाई मुलाने जिंकली, पण १४९० मध्ये इन्व्हरनेसला एका हार्पवादकाने त्याचा खून केला. १४९३ मध्ये जॉनचं उरलेलं पदही जप्त झालं. १५०३ मध्ये तो वारला.

यात आपल्यासाठी मुद्दा असा: पार्लमेंटच्या नोंदी टिकल्या, पण बेटांच्या सत्तेचं स्वतःचं दप्तर जवळजवळ नष्ट झालं. त्यांची गेलिकमधली जमिनीची सनद एकच हाती आहे, १४०८ ची. म्हणून 'राजद्रोही' हा शब्द वाचताना तो कुणी लिहिला, कोणत्या भाषेत, आणि समोरच्याचा कागद कुठे गेला, हे आधी विचारायचं.

आणि ते पद? १५४० मध्ये ते कायमचं राजघराण्याला जोडलं गेलं. आज 'लॉर्ड ऑफ द आयल्स' आहेत ब्रिटनचे युवराज, प्रिन्स विल्यम.