रोजची गोळी आणि आपले पच्चक्खाण

रक्ताचा कर्करोग हे शब्द ऐकताच घराचा धीर सुटतो. परंतु ल्युकेमिया हे एकाच रोगाचे नाव नव्हे. त्याच्या तीव्र प्रकारांत रुग्णाला तातडीने रुग्णालयात ठेवावे लागते. येथे विचार करावयाचा आहे तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात सीएमएल, या मंदगती प्रकाराचा. यात पेशीतील ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यातून निर्माण झालेले सदोष प्रथिन पांढऱ्या पेशींना अमर्याद वाढीची आज्ञा देत राहते. ते प्रथिन रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या रोगाचे चित्रच पालटले. आज बहुसंख्य रुग्ण घरी राहून, दुकान सांभाळून, रोज गोळी घेत जगतात.

औषध घरी घ्यावयाचे म्हटले की त्याची शिस्तही घराचीच. आपल्या घरांत अडचण येते ती येथेच. प्रकृती सुधारली, पांढऱ्या पेशी आटोक्यात आल्या, पुढे पर्युषण आले. मग 'आठ दिवसांनी काय बिघडते?' असा विचार मनात डोकावतो. बिघडते ते असे, की साधी रक्ततपासणी उत्तम दिसत असतानाही रोगाचा अंश शिल्लक असतो. वारंवार खंड पडला तर तो पुन्हा डोके वर काढतो आणि कधी औषधालाच दाद देईनासा होतो.

म्हणून उपचाराच्या आरंभीच डॉक्टरांसमोर आपला आहारधर्म स्पष्ट मांडावा. इमॅटिनिब सामान्यतः दिवसातून एकदा, जेवणासोबत व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाचे असते. उपाशीपोटी ते मळमळ वाढवते. चौविहार पाळणाऱ्याने दुपारच्या भोजनाची वेळ ठरवून घेतली तर नियम व औषध यांत काहीच विरोध उरत नाही. एकासणाही डॉक्टरांच्या संमतीने जमू शकतो. तिविहार उपवासात मात्र पोटात अन्नच नसते.

निलोटिनिबचा हिशेब निराळा आहे. ते दिवसातून दोनदा, सुमारे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे. आधी दोन तास व नंतर एक तास अन्न वर्ज्य. डिसेंबरात मुंबईस सूर्योदय सातच्या सुमारास होतो. नवकारशी पाळल्यास त्यानंतर ४८ मिनिटे थांबावयाचे, आणि सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. हाती उरतात जेमतेम सव्वादहा तास. बारा तासांचे अंतर त्यात बसणार कसे? श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांत याची तरतूद शास्त्रकारांनीच केलेली आहे. त्यांतील आगारांपैकी एक समाधीसाठीचा आहे. व्याधीने समाधी ढळू नये म्हणून घेतलेल्या औषधाने पच्चक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय. आपल्या गुरुमहाराजांना हा प्रश्न निःसंकोच विचारावा. परस्पर गोळी टाळून मनात अपराध बाळगण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

जिलेटिनचा प्रश्नही अनेकांना सतावतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. इमॅटिनिब गोळीच्या रूपातही मिळते, तेव्हा चिठ्ठी लिहितानाच तसे सांगावे. औषध दुकानात गेल्यावर आपल्या मनाने बदल करू नये.

पहिल्या काही महिन्यांत डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत वांब, जुलाब, पुरळ, थकवा असे त्रास संभवतात. बरेचसे डॉक्टर सांभाळून घेतात. आठवड्यातून दोनदा वजन लिहून ठेवावे. ते अचानक वाढले, ताप आला, दम लागला अथवा रक्तस्राव झाला तर लगेच कळवावे. ग्रेपफ्रूट टाळावे. आम्लपित्ताच्या गोळ्या किंवा काढे विचारल्याविना घेऊ नयेत. कोणी 'हे तर निव्वळ आयुर्वेदिक' म्हणून आग्रह केला तरीही. एखादी मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. अपत्याचा विचार असलेल्या स्त्रीने तो डॉक्टरांशी आधीच बोलावा, कारण गर्भाला या औषधांचा धोका असतो.

खर्चाविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावरील नोवार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या घरात सांगितला जाई. भारतीय कंपन्यांचे तेच औषध त्याच्या लहानशा अंशात मिळत होते आणि मिळत राहिले. तरीही खर्च वर्षानुवर्षांचा आहे. दुकानाच्या खात्यातून कधी, घरखर्चातून कधी, असे न करता त्यासाठी वेगळे खाते ठेवावे आणि पंधरा दिवसांची औषधे नेहमी शिलकीत असावीत. खरेदीसाठी सुरत वा अहमदाबादला जाताना ती सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत.

मुलीचे लग्न ठरावयाचे आहे म्हणून आजार लपवणारी घरे आहेत. समाजाला सांगावयाचे की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. परंतु घरात निदान दोघांना गोळीची वेळ, डॉक्टरांचा क्रमांक आणि फाइल कोठे आहे हे ठाऊक असलेच पाहिजे. त्या फाइलमध्ये बीसीआर-एबीएल तपासणीचे अहवाल तारखेनुसार लावावेत. ही तपासणी सुरुवातीस साधारण दर तीन महिन्यांनी होते. शक्यतो ती एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकडे परस्परांशी ताडून पाहता येतात. अनेक वर्षे हे आकडे अत्यंत खाली राहिले तर काही निवडक रुग्णांचे औषध डॉक्टर देखरेखीखाली थांबवूनही पाहतात. तो निर्णय त्या आकड्यांवरूनच होतो.