वसंताची शुभेच्छापत्रे

मार्च महिना लागला की दुकानांतून छापील शुभेच्छापत्रे मांडली जातात आणि त्यांवर वसंत ऋतू अवतरतो. ट्यूलिपची फुले, पिवळे डॅफोडिल, हिरवळीवर बसलेला ससा. ही चित्रे सुंदर नाहीत असे कोण म्हणेल? परंतु बर्फ वितळल्यावर ज्या देशांत ही फुले जमिनीतून वर येतात, त्या देशांचा तो वसंत होय. आपल्याकडे त्याच दिवसांत पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडे पाने झाडून टाकून नुसत्या फुलांनी पेटलेली असतात. तरीही वर्गातील मुलांना वसंताचे चित्र काढावयास सांगितले, तर पुष्कळशी मुले ससाच काढतात. शाळेच्या वाटेवरील सावर त्यांच्या कागदावर क्वचितच येते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना पाठ असते. पण त्याच पळसाच्या केशरी पाकळ्यांना खालून धरणारी वाटी काळसर आणि मखमली असते, हे किती जणांनी पाहिले आहे?

म्हणून श्रोतेहो, हाताने शुभेच्छापत्र करावयाचे तर रंगांची पेटी उघडण्यापूर्वी एक फूल उचलून आणावे. सावरीची फुले झाडाखाली पडलेलीच असतात. आपल्याला त्यातले काय दाखवावयाचे आहे हे ठरले, की मग कोणती युक्ती वापरावी हे आपोआप ठरते. अलीकडे ह्या कामासाठी तयार साहित्याचे संच विकत मिळतात. ते महाग असतात, आणि ज्या मुलाच्या घरी रंगाची पेटी एकच व तीही अर्धी, ते मूल असा संच शेजारच्या बाकावर पाहून हिरमुसते. वस्तुतः मेणबत्तीचा तुकडा, मूठभर खडे मीठ, जुना दात घासण्याचा ब्रश आणि संक्रांतीच्या पतंगाचा फाटका कागद एवढ्यावर उत्तम काम होते.

कागद मात्र जाड हवा. वहीचा कागद पाण्याने सुरकुततो. आठ इंच लांब व सहा इंच रुंद असा चित्रकलेचा जाड कागद किंवा हातकागद मधोमध दुमडला, की चार इंच रुंद आणि सहा इंच उंच पत्र होते. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घ्यावी, म्हणजे कड फाटत नाही.

पहिली युक्ती मेणाची. पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर फुले रेखावी. ती दिसत नाहीत. वरून जलरंगाचा पातळ हात दिला, की मेणावर पाणी ठरत नाही आणि पांढरी फुले एकाएकी उमटतात. हा क्षण मुलांना जादूसारखा वाटतो. परंतु त्यातील कारण त्यांना अवश्य सांगावे. चाफा, मोगरा, कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा ह्यांसाठी ही रीत योग्य. लाल पांगाऱ्याला तिचा काय उपयोग?

दुसरी मिठाची. ओल्या रंगावर खडे मीठ विरळ पेरले, की प्रत्येक खडा भोवतालचे पाणी ओढून घेतो, त्याबरोबर रंगाचे कण सरकतात, आणि वाळल्यावर तेथे फिकट चांदणीसारखा ठिपका राहतो. फुलांमागचे आकाश, किंवा करंजाच्या कोवळ्या पालवीतून झिरपणारे ऊन ह्याने फार छान दिसते. सारी कसोटी वेळेची आहे. कागदावर पाण्याचे थारोळे असेल तर मीठ नुसते विरघळते. रंग सुकला असेल तर ते काहीच करीत नाही. कागद तिरपा धरून पाहावा. पृष्ठभागावर चकाकी आहे, पण ओघळ नाही, अशा वेळी मीठ टाकावे. ही वेळ गावागावांत निराळी असते. गोव्यात समुद्रकाठी हवा दमट, त्यामुळे रंग सावकाश वाळतो आणि थांबावयास सवड मिळते. त्याच दिवसांत इंदूरला किंवा हैदराबादेस कोरड्या दुपारी तो पाहता पाहता सुकतो, म्हणून तेथे मीठ आधीच मुठीत घेऊन बसावे. पूर्ण वाळल्यावर एकूण एक खडा झटकून काढावा. राहिलेले मीठ दमट हवेतील ओल धरते आणि पाकिटात पत्र चिकटते.

आंब्याच्या मोहोरासाठी ब्रश. त्याच्या केसांना घट्ट पिवळसर रंग लावून त्यांवरून अंगठा ओढला, की बारीक शिंतोडे उडतात. त्यांत थोडे तांबूस मिसळले की मोहोर झाला. बाकीचा भाग जुन्या वर्तमानपत्राने झाकून ठेवावा. निष्पर्ण फांद्यांसाठी शाईचा थेंब टाकून पपईच्या देठाच्या नळीने फुंकावा. मुलांना शाई तोंडात ओढू देऊ नये. शाई न विरघळणारी, म्हणजे चिनी हवी. फाउंटन पेनची शाई पुढच्या रंगात पसरून सारे काळे करते.

पतंगाचा कागद ओला झाला की बहुधा रंग सोडतो. बडोद्याच्या घरांत उत्तरायणानंतर तो टोपलीभर उरतो. लाल कागदाच्या पाकळ्या फाडून (कापून नव्हे) पिठाच्या खळीने चिकटवल्या, की सावरीच्या पाकळीचा जाडपणा बोटांना जाणवतो.

क्रम चुकवू नये: प्रथम मेण, मग पातळ रंग, त्यावर मीठ, सर्व वाळल्यावर शाई, जाड पोस्टर रंग आणि शेवटी चिकटकाम. एका पत्रावर मात्र ह्यांपैकी दोन, फार तर तीन गोष्टी याव्यात. सगळ्या रीती एकत्र आल्या की फूल हरवते आणि युक्त्यांचे प्रदर्शन उरते. पळसाच्या फुलांपासून काढलेला रंगही वापरता येतो. फुले पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो आणि चिमूटभर चुन्याने तो गडद होतो. तथापि उन्हात तो विटतो, म्हणून जपून ठेवावयाच्या पत्रावर तो नको.

ख्रिस्ती घरांत ह्याच सुमारास पुनरुत्थानाचा सण येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान असतो, आणि चैत्र पाडवा त्याच्या आधी किंवा जवळपास पडतो. ईस्टरच्या छापील पत्रावर लिलीचे फूल असते. मला विचाराल तर काटेसावरीहून योग्य झाड दुसरे नाही. अंगभर काटे, एकही पान नाही, पाहणाऱ्याला वाटावे की वाळून गेले. आणि त्याच लाकडातून पाच जाड पाकळ्यांचे लाल पेले उमलतात. पाडव्याच्या पत्रावर मेणाने रेखलेला कडुनिंबाचा फुलोरा आणि आंब्याची पाने शोभतात. दोन्ही पत्रे एकाच बाकावर, एकाच पेल्यातील पाण्याने रंगविता येतात.

आणखी एक विनंती. आईने किंवा शिक्षकांनी मुलाच्या पत्रावर स्वतःचा कुंचला फिरवू नये. वाकडी फांदी वाकडीच जाऊ द्यावी. ज्या आजीला ते पत्र मिळणार, तिला ते कोणाच्या हातचे आहे हे त्या फांदीवरूनच कळते.

तयार पत्र रात्रभर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत. रंगाच्या मागची बाजू थोडी उंचसखल राहतेच. म्हणून मजकूर वेगळ्या पातळ कागदावर लिहून आत एका कडेने चिकटवावा.